मावळत्या ठिपक्याचा पुरावा

सन १९९७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरच्या रात्रीं, आफ्रिकेच्या वायव्येस अटलांटिक महासागरांत असलेल्या ला पाल्मा नांवाच्या बेटावर, तेथील डोंगरमाथ्यावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीनें मृगनक्षत्राच्या एका लहानशा तुकड्याचें छायाचित्र घेतलें. त्या चित्रांत पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. काळ्या पाटीवर खडूची भुकटी उडावी तसे ठिपके. कांहीं ठळक, कांहीं दिसतां न दिसतांसे. त्यांतला कोणता तारा आणि कोणती दूरची दीर्घिका हें नुसतें पाहून सांगतां न यावें. आठ दिवसांनीं, मार्चच्या ८ तारखेस, त्याच जागेचें दुसरें चित्र घेण्यांत आलें. दोन्ही चित्रें शेजारींशेजारीं ठेवून पाहिलीं तेव्हां एका ठिपक्याची जागा रिकामी आढळली. तीस वर्षें चाललेलें एक कोडें त्या रिकाम्या जागेपासून सुटावयास लागलें. त्या कोड्याची हकीकत, आणि तें सुटण्यास एवढा काळ कां लागला, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला पुराव्याची नासाडी नवी नाहीं. वाळवी, ओल, आग आणि वारसांची बेपर्वाई ह्यांनीं खाल्लेल्या दप्तरांबद्दल आपण नेहमींच हळहळतों. पण जो कागद उरतो तो आज वाचला काय आणि दहा वर्षांनीं वाचला काय, त्यावरील मजकूर तोच असतो. ज्या पुराव्याची ही गोष्ट आहे तो तसा नव्हता. तो तासातासाला फिका पडत होता. आणि विशेष असें कीं, त्याचें फिकें पडणें हाच त्याच्या खरेपणाचा दाखला होता. तो ठिपका जागच्या जागीं तसाच राहता, तर त्या भुकटींतून त्याला कोणीं निवडून काढलाच नसता.

ह्या गोष्टीचा आरंभ ज्योतिर्विद्येंत नाहीं, राजकारणांत आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्यें अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएट रशिया ह्या तीन राष्ट्रांनीं मॉस्को येथें करार करून हवेंत, अंतराळांत व पाण्याखालीं अणुस्फोट न करण्याचें एकमेकांस वचन दिलें. वचन दिलें, पण परस्परांवर विश्वास ठेवण्याचें कोणींच कबूल केलें नव्हतें. कोणी अंतराळांत दूर जाऊन चोरून स्फोट केला तर तोही कळावा, ह्या हेतूनें अमेरिकेनें त्याच वर्षीं ‘व्हेला’ नांवाचे उपग्रह जोडीजोडीनें सोडावयास सुरुवात केली. अणुस्फोटांतून गॅमा-किरण निघतात. हे प्रकाशाचेच भाऊबंद; मात्र दृश्य प्रकाशाहून लक्षावधि पट अधिक शक्तीचे. त्यांची चाहूल घेणारीं यंत्रें ह्या उपग्रहांवर बसविलेलीं होतीं. २ जुलै १९६७ रोजीं त्या यंत्रांनीं गॅमा-किरणांचा एक लोट टिपला. त्याचा चढउतार अणुस्फोटाच्या चढउतारासारखा नव्हता. अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे रे क्लेबसाडेल व रॉय ओल्सन ह्यांना जुन्या नोंदी ताडून पाहतांना तो आढळला. पुढें अधिक चांगले उपग्रह गेल्यावर, एकच लोट निरनिराळ्या उपग्रहांवर कोणत्या क्षणीं पोंचला ह्यांतील सूक्ष्म अंतरावरून त्यांनीं दिशेचा अदमास घेतला, आणि हे किरण पृथ्वीवरून येत नाहींत व सूर्यावरूनही येत नाहींत, एवढें निश्चित केलें. १९७३ सालीं क्लेबसाडेल, इयन स्ट्राँग व ओल्सन ह्या तिघांनीं अशा १६ स्फोटांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शत्रूवर पाळत ठेवण्यासाठीं लावलेल्या डोळ्यांना भलतेंच कांहीं दिसलें होतें.

दिसलें खरें, पण कोठें दिसलें? सगळी अडचण ह्या एका प्रश्नांत होती. गॅमा-किरण साध्या भिंगानें वळत नाहींत, साध्या आरशावरून परतत नाहींत. त्यामुळें दुर्बिणींत ताऱ्याचें बिंब पडावें तसें त्यांचें बिंब पाडतां येत नाहीं. यंत्र एवढेंच सांगतें कीं, कांहीं सेकंद कोठून तरी किरणांची झोड उठली आणि थांबली. तोफेचा आवाज तीन गांवांत कोणत्या क्षणीं ऐकूं आला हें ताडून तोफ कोठें डागली तें काढावें, तशी पद्धत पुढें अनेक अंतराळयानांच्या नोंदींवरून वापरण्यांत आली. पण निरनिराळ्या यानांच्या नोंदी गोळा होऊन त्यांचा मेळ बसेपर्यंत दिवस, कधीं आठवडे जात. तोंवर मोठ्या दुर्बिणी त्या दिशेस वळवून उपयोग होत नसे. तेथें नेहमींच्या ताऱ्यांवांचून कांहींही दिसत नसे.

पुरावा नसला म्हणजे तर्काला ऊत येतो, हा नियम शास्त्रज्ञांनाही चुकला नाहीं. १९९४ पर्यंत ह्या स्फोटांच्या कारणांविषयीं शंभराहून अधिक उपपत्ति छापून आल्या होत्या. कोणी म्हणे न्यूट्रॉन ताऱ्यावर धूमकेतु आदळतात, कोणी म्हणे न्यूट्रॉन ताऱ्याचें कवच तडकतें, कोणी त्यांस विश्वाच्या पार टोकाला नेऊन बसवी. ह्या मतांत स्फोटाच्या अंतरासंबंधीं जो फरक होता तो थोडाथोडका नव्हता. दिवा अंगणांतला कीं क्षितिजापलीकडचा हें कळल्याशिवाय तो पणती आहे कीं वणवा हें सांगतां येत नाहीं. आणि येथें अंगण व क्षितिज ह्यांतील अंतर कोट्यवधि पटींचें होतें.

मधल्या काळांत प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. त्यांतला एक आम्हांस विशेष आवडतो, कारण तो अगदीं दप्तरखान्यांतल्या माणसाचा आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घेतलेल्या आकाशाच्या कांचेवरील छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे. ब्रॅडली शेफर नांवाच्या तरुण संशोधकानें असा विचार केला कीं, हे स्फोट एकाच जागीं पुन्हा पुन्हा होत असतील, तर जुन्या कांचांवर कोठें तरी त्यांची खूण उमटलेली असावयास हवी. १९७८ च्या नोव्हेंबरांत झालेल्या एका स्फोटाची जागा घेऊन त्यानें जुन्या कांचा तपासल्या, आणि १९२८ सालच्या एका कांचेवर, त्या जागीं, इतर कांचांवर नसलेला एक ठिपका त्यास सांपडला. १९८१ मध्यें हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हां मोठी आशा उत्पन्न झाली. पुढें इतरांनीं त्याच कांचेची तपासणी करून तो ठिपका आकाशांतला नसून कांचेवरचा दोष असावा असा आक्षेप घेतला, आणि त्या पुराव्याचा जोर गेला. त्याच दशकांत कांहीं हौशी निरीक्षकांना ययाति नक्षत्राच्या बाजूस प्रकाशाचे लखलखाट दिसूं लागले. ते फिरत्या उपग्रहांवरून परावर्तित झालेलें ऊन निघालें. शेफरची चूक तर्काची नव्हती. एकाकी ठिपका कोणतीही साक्ष देऊं शकत नाहीं. तो हळूहळू विझत गेला हें दाखविणारें दुसरें व तिसरें चित्र पाहिजे, आणि तें १९२८ सालीं कोणीं घेतलेलें नव्हतें.

१९९१ च्या एप्रिलांत अमेरिकेची कॉम्प्टन वेधशाळा आकाशांत गेली. तिजवरील यंत्र सरासरी दिवसाला एक स्फोट टिपूं लागलें, आणि ज्यांना हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या चकतींतले वाटत होते त्यांच्या पदरीं निराशा आली. तसे ते असते तर दुधाळ पट्ट्याच्या काठाकाठानें त्यांची गर्दी दिसती. तशी गर्दी कोठेंच नव्हती. सर्व दिशांस ते सारखेच विखुरलेले होते. तरीही पूर्वपक्षानें शस्त्र खालीं ठेवलें नाहीं. आकाशगंगेभोंवतीं दूरवर पसरलेल्या एका प्रचंड प्रभामंडलांत न्यूट्रॉन तारे आहेत आणि स्फोट तेथें होतात, असें मानलें म्हणजे सर्व दिशांस सारखेपणा येतोच, असें त्या पक्षाचें म्हणणें. २२ एप्रिल १९९५ रोजीं वॉशिंग्टन येथें ह्या प्रश्नावर जाहीर वादसभा भरली. विश्वाचा विस्तार ह्या विषयावर शॅप्ली व कर्टिस ह्यांचा जो प्रसिद्ध वाद १९२० सालीं त्याच शहरांत झाला, त्याच्या पंचाहत्तरीचें निमित्त साधलें होतें. स्फोट अतिदूरचे आहेत असें मांडणारे पोलंडचे बोहदान पाचिन्स्की, जवळचे आहेत असें मांडणारे डॉन लॅम, आणि मध्यस्थ इंग्लंडचे मार्टिन रीस. दोन्ही बाजूंनीं उत्तम वकिली झाली. साक्षीदार मात्र एकही नव्हता. पाचिन्स्की हे १९८६ पासून हें मत मांडीत आले होते, आणि त्या काळांत त्यांच्या बाजूस फार थोडे लोक होते, हें येथें नमूद केलें पाहिजे.

साक्षीदार आणला तो एका लहानशा इटालियन उपग्रहानें. ३० एप्रिल १९९६ रोजीं सोडलेल्या ह्या उपग्रहाचें नांव ‘बेप्पोसॅक्स’. ज्युसेप्पे ओक्कियालिनी ह्या थोर इटालियन पदार्थवैज्ञानिकास स्नेही मंडळी ‘बेप्पो’ म्हणत. तें लाडकें नांव त्यास दिलें होतें. कॉम्प्टनच्या मानानें त्याची स्फोट पकडण्याची शक्ति बेताचीच. पण त्याजवर एक जोड अशी होती कीं जी आधीच्या कोणापाशीं नव्हती. गॅमा-किरणांची चाहूल घेणारें यंत्र होतें. त्याच वेळीं आकाशाचा मोठा तुकडा क्ष-किरणांत पाहणारे, हॉलंडमधील उत्रेख्त येथें तयार झालेले कॅमेरे होते. आणि थोड्याशाच जागेकडे पण बारकाईनें पाहणाऱ्या क्ष-किरण दुर्बिणीही होत्या. पहिल्यानें हांक ऐकावी, दुसऱ्यानें गल्ली दाखवावी, तिसऱ्यानें घर. जानेवारी १९९७ च्या ११ तारखेस एक जोरदार स्फोट झाला. उपग्रह वळवून तेथें नेईपर्यंत सोळा तासांच्या आसपास वेळ गेला आणि हातीं निश्चित असें कांहीं लागलें नाहीं. त्या फजितीचा उपयोग झाला. पुढच्या वेळीं घाई करावयाची हें ठरून गेलें.

पुढची वेळ दीड महिन्यांत आली. २८ फेब्रुवारीस, ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणें पहाटे २ वाजून ५८ मिनिटांनीं, मृगाच्या दिशेनें स्फोट झाला. रुंद नजरेच्या कॅमेऱ्यानें जागा सुमारें ३ कलांपर्यंत निश्चित केली. पूर्णचंद्राचें बिंब सुमारें ३० कलांचें असतें हें लक्षांत घेतलें म्हणजे हा केवढा मोठा फायदा होता तें कळेल. आठ तासांत उपग्रह वळवून बारीक नजरेच्या दुर्बिणी तेथें लावण्यांत आल्या, आणि तेथें पूर्वीं ठाऊक नसलेलें एक क्ष-किरणांचें उगमस्थान तेवत असलेलें दिसलें. तीन दिवसांनीं पुन्हा पाहिलें तों तें सुमारें वीस पट मंद झालेलें. एन्रिको कोस्ता व त्यांच्या सहकाऱ्यांचा हा शोध. स्फोट संपल्यावरही मागें कांहीं उरतें, आणि तें हळूहळू मावळतें, हें माणसानें प्रथमच पाहिलें. सूर्य बुडाल्यावर पश्चिमेस कांहीं वेळ प्रभा राहते तशी ही. हिला पश्चदीप्ति असें नांव आहे.

इकडे ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक यान व्हान पाराडाइस ह्यांच्या मंडळींस जागेची वार्ता पोंचली होती. पॉल ग्रोट व टिटस गालामा हे त्यांचे दोन विद्यार्थी. मोठ्या दुर्बिणींचा वेळ महिनेच्या महिने आधीं वांटून दिलेला असतो. आयत्या वेळीं कोणाच्या रात्रींतून तुकडा मागून घ्यावयाचा म्हणजे किती भीड खर्ची पडते, हें विद्यापीठांतील व्यवहार जाणणाऱ्यांस सांगावयास नको. तरी स्फोटानंतर २१ तास पुरे होण्याच्या आंत ला पाल्माच्या ४.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें तें पहिलें चित्र घेतलें. ८ मार्चचें दुसरें चित्र आल्यावर तुलना झाली. पहिल्या चित्रांत २१.३ व्या प्रतीचा असलेला एक ठिपका दुसऱ्यांत २३.६ व्या प्रतीपर्यंत शोधूनही सांपडेना. साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा सहाव्या प्रतीचा. तेव्हां हा ठिपका पहिल्या रात्रींच त्याहून दहा लाखांवर पट मंद होता. १२ मार्चच्या आंतरराष्ट्रीय परिपत्रकानें ही वार्ता सर्व वेधशाळांना कळली.

येथें मानाचा एक लहानसा प्रश्न उद्भवतो. त्याच दिवशीं संध्याकाळीं, हर्शेल दुर्बिणीच्या कांहीं तास आधीं, इटलींतील वेधशाळांच्या लहान दुर्बिणींनींही ती जागा टिपली होती, आणि मागाहून पाहतां त्यांच्या चित्रांतही तो ठिपका निघाला. मग पहिला शोध कोणाचा? आमच्या मतें व्हान पाराडाइस ह्यांच्या मंडळींचाच, आणि तो त्यांच्या पहिल्या चित्रामुळें नव्हे, दुसऱ्यामुळें. पहिलें चित्र घेण्यास तत्परता लागली. दुसरें घेऊन तुलना करण्यास आपण काय शोधीत आहोंत ह्याची स्पष्ट कल्पना लागली. ती कल्पना हवेंतली नव्हती. स्फोटांतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें फेकलें गेलेलें द्रव्य भोंवतालच्या विरळ वायूंत घुसतें, तेथें लाट उठून इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानें फिरूं लागतात, आणि लाट मंदावत जाईल तसा तिचा प्रकाश क्ष-किरणांतून दृश्य प्रकाशांत व शेवटीं रेडिओ-लहरींत उतरत जातो. हें गणित पीटर मेसारोश व मार्टिन रीस ह्यांनीं मांडलें होतें, आणि दृश्य प्रकाशाविषयींचा त्यांचा निबंध नेमका त्याच फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला होता.

त्या गणिताप्रमाणें प्रकाश साधारणतः काळाच्या व्यस्त प्रमाणांत घटतो. पहिल्या दिवशीं जेवढा, दुसऱ्या दिवशीं त्याच्या निम्मा, चौथ्या दिवशीं पाव, आठव्या दिवशीं दोन आणे. मृगांतला ठिपका ह्या हिशोबाशीं बराच जुळता निघाला. ह्या हिशोबावरून मागच्या पिढीची अडचणही ध्यानांत येते. ते लोक आळशी किंवा मंदबुद्धि नव्हते. त्यांना पत्ता हातीं येई तोंवर विस्तव राख झालेला असे, आणि पत्ताही एवढा मोघम कीं त्यांत हजारों ठिपके मावत.

पण एवढ्यानें वाद मिटला नाहीं. ठिपका मावळल्यावर त्या जागीं एक अंधुक, पसरट डाग उरलेला दिसला. हबल दुर्बिणीनें २६ मार्च व ७ एप्रिल रोजीं पाहिलें. कैलास साहू व त्यांचे सहकारी ह्यांनीं असें दाखविलें कीं, मंद होत चाललेला ठिपका आणि डाग हीं दोन वेगळीं असून ठिपका डागाच्या मध्यावर नाहीं, एका बाजूस आहे. डाग ही जर दूरची दीर्घिका, तर स्फोट तिच्यांतला, म्हणजे अतिदूरचा. उलट इटलीच्या पात्रित्सिया काराव्हेओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तींच चित्रें मोजून सांगितलें कीं, बारा दिवसांत ठिपका जागेवरून किंचित् सरकलेला आहे. हें खरें ठरतें तर तो जवळचा होता, कारण अब्जावधि प्रकाशवर्षांवरची वस्तु बारा दिवसांत सरकलेली दिसणें शक्य नाहीं. डागही मंद होत चालला आहे असें कांहींचें म्हणणें. तसें असेल तर तो दीर्घिका नव्हे. एकाच दोन चित्रांवरून दोन प्रामाणिक मंडळ्या परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतात, हा अनुभव आम्हां बखरी वाचणाऱ्यांस अपरिचित नाहीं. सप्टेंबरांत हबलनें पुन्हा पाहिलें. ठिपका २८ व्या प्रतीपर्यंत उतरला होता, पहिल्या रात्रीच्या जवळजवळ पांचशें पट मंद. पण तो आपल्या जागींच होता, आणि डाग होता तसाच होता.

तथापि निकाल सप्टेंबरापर्यंत थांबला नव्हता. ८ मे १९९७ रोजीं बेप्पोसॅक्सनें दुसरा स्फोट पकडला. ह्या वेळीं सगळे तयार होते. अमेरिकेंतील किट पीक येथील एका मीटरहून लहान दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांत हॉवर्ड बाँड ह्यांना बदलणारा ठिपका सांपडला. हा लगेच मावळला नाहीं. आधीं दोन दिवस वाढला आणि मग उतरूं लागला. त्यामुळें त्याचा वर्णपट घेण्यास सवड मिळाली. ११ मे रोजीं हवाई बेटावरील केक दुर्बिणीनें तो घेतला. मार्क मेट्झगर व त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांत लोह व मॅग्नेशियम ह्यांच्या काळ्या रेषा दिसल्या. पण ज्या ठिकाणीं त्या असावयाच्या तेथें नव्हे, तांबड्याकडे बऱ्याच सरकलेल्या. ही ताम्रसृति ०.८३५ भरली. ठिपक्याचा प्रकाश वाटेंत एका दीर्घिकेच्या वायूंतून आला होता, म्हणजे ठिपका निदान तितका दूर तरी असलाच पाहिजे. आणि तेवढ्या अंतरावरून प्रकाश येथें पोंचावयास सुमारें सातशें कोटी वर्षें लागतात. पृथ्वीचें वय साडेचारशें कोटी वर्षें. वॉशिंग्टनच्या सभेंत दोन वर्षांपूर्वीं जो प्रश्न वक्तृत्वानें सुटला नव्हता तो एका वर्णपटांतील थोड्याशा रेषांनीं सोडविला. पाचिन्स्की ह्यांचें म्हणणें बरोबर ठरलें.

ह्या केक दुर्बिणीच्या मंडळींत श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म १९५६ सालीं कुरुंदवाड येथें झाला. कृष्णा व पंचगंगा ह्यांच्या संगमाजवळचें हें गांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना नृसिंहवाडीच्या वाटेवरचें म्हणून ठाऊक असेल. शिक्षण व उद्योग मात्र त्यांनीं बाहेरच केला. ८ मेच्या त्याच स्फोटाची रेडिओ-पश्चदीप्ति डेल फ्रेल व कुलकर्णी प्रभृतींनीं टिपली. ती आरंभीं लुकलुकत होती आणि कांहीं आठवड्यांनीं लुकलुकेनाशी झाली. तारे लुकलुकतात व ग्रह लुकलुकत नाहींत, कारण ग्रहाचें बिंब मोठें. तोच न्याय लावून, अग्निगोल जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें फुगत आहे हें त्यांनीं दाखविलें. इतकी सोपी युक्ति आणि इतकें मोठें फळ असें उदाहरण आम्हांस दुसरें चटकन आठवत नाहीं. २०२४ सालीं कुलकर्णी ह्यांस शॉ पारितोषिक मिळालें, त्यांत ह्या कामाचाही उल्लेख आहे.

अंतर कळलें तसा नवा घोर लागला. २३ जानेवारी १९९९ च्या स्फोटाची ताम्रसृति १.६ निघाली, आणि तो सर्व दिशांस सारखा पसरला असें धरून हिशोब केला तर सूर्याएवढ्या ताऱ्याचें सबंध द्रव्य शक्तींत रूपांतरित झाल्यावर जेवढी शक्ति निघेल तिच्याहूनही अधिक शक्ति काही सेकंदांत बाहेर पडली असें उत्तर येई. ह्या अडचणींतून मार्ग दाखविला तोही मावळण्याच्या रीतीनें. दोन दिवसांच्या सुमारास पश्चदीप्ति एकाएकीं अधिक वेगानें उतरूं लागली. स्फोट जर कारंजासारखा एका अरुंद धारेंत सुटला असेल, तर धार मंदावल्यावर असाच मोड पडावयास पाहिजे. आणि धार अरुंद मानली कीं शक्तीचा आंकडा शेंकडों पटींनीं खालीं येतो. शिवाय ह्याच स्फोटाच्या वेळीं लॉस अलामॉस येथें, जेथें हें कोडें प्रथम जन्मास आलें तेथेंच, साध्या छायाचित्रकाराच्या वापरांतल्या चार लांब भिंगांचें एक स्वयंचलित यंत्र उभें होतें. उपग्रहाचा इशारा येतांच तें आपोआप वळलें आणि स्फोट सुरू झाल्यापासून २२ सेकंदांत त्यानें पहिलें चित्र घेतलें. ठिपका वाढत वाढत जवळजवळ नवव्या प्रतीपर्यंत चढला. लहानशा द्विनेत्री दुर्बिणींतूनही तो दिसला असता. आपल्याकडे नैनिताल येथील १०४ सेंटिमीटरच्या दुर्बिणीनें ह्याच स्फोटाच्या पश्चदीप्तीचे वेध घेतले, आणि तेव्हांपासून हें काम हिंदुस्थानांत चालूं झालें.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येण्यासारखी आहे. २९ मार्च २००३ च्या स्फोटाची पश्चदीप्ति उतरत असतां तिच्या वर्णपटांतून अतिनवताऱ्याचा वर्णपट हळूहळू वर आला, आणि दीर्घ काळ टिकणारे स्फोट हे प्रचंड ताऱ्यांचे मरणक्षण आहेत ह्याविषयीं संशय राहिला नाहीं. अल्पकाळ टिकणारे स्फोट दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतून होतात, हें १७ ऑगस्ट २०१७ रोजीं गुरुत्वलहरींच्या साक्षीनें ठरलें. १९ मार्च २००८ रोजीं भूतप नक्षत्रांत एक पश्चदीप्ति ५.३ व्या प्रतीपर्यंत चढली. काळोख्या जागीं त्या अर्ध्याएक मिनिटांत कोणी नेमकें तिकडे पाहत असता, तर साडेसातशें कोटी वर्षांपूर्वीं निघालेला प्रकाश त्याला नुसत्या डोळ्यांनीं दिसला असता. योगायोग असा कीं अंतराळाच्या अद्भुत कथा लिहिणारे आर्थर क्लार्क त्याच दिवशीं कोलंबो येथें वारले. जुन्नर तालुक्यांतील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेंही अशा स्फोटांच्या मागें राहिलेल्या रेडिओ-प्रकाशाचे वेध घेतले आहेत, आणि लडाखमध्यें हानले येथें मुंबईच्या आय. आय. टी.चा वांटा असलेली ७० सेंटिमीटरची एक स्वयंचलित दुर्बीण २०१८ पासून ह्याच जातीच्या कामास लागली आहे. माणसानें भीड खर्च करून रात्र मागून घेण्याचे दिवस आतां पुष्कळसे संपले. इशारा आला कीं यंत्रच वळतें.

व्हान पाराडाइस ह्यांना बेप्पोसॅक्सच्या मंडळींसमवेत १९९८ चें रॉसी पारितोषिक मिळालें. २ नोव्हेंबर १९९९ रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, ते वारले. बेप्पोसॅक्स २९ एप्रिल २००३ रोजीं पॅसिफिक महासागरांत पडला. पाचिन्स्की २००७ सालीं गेले. मृगांतल्या त्या पहिल्या ठिपक्याशेजारचा अंधुक डाग मात्र जागेवर आहे. केक दुर्बिणीनें त्याचा वर्णपट घेऊन ताम्रसृति काढली ती ०.६९५ भरली: एक साधीशी दीर्घिका, सहाशें कोटींहून अधिक वर्षांच्या प्रकाशप्रवासाइतकी दूर, आणि तिच्या मध्यापासून किंचित् बाजूला तो ठिपका होता.